सालीतला की गादीतला

आण्णा इंगवल्यांनी उभ्या जन्मात कुणाची सालटी काढली नव्हती. एकदाच काढली, तीही गल्लीच्या तोंडाशी वाळून उभ्या असलेल्या शिरीषाची, आणि त्यापायी आठ दिवस त्यांना गल्लीतून मान वर करून चालायची चोरी झाली.

निमित्त बंबाचं. इंगवल्यांच्या घरात गीझर आहे, गच्चीवर सोलरही आहे, पण बंबाच्या पाण्याशिवाय आण्णांना अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. त्या शुक्रवारी सकाळी ते पेटवणासाठी झाडाची सुटलेली साल ओढायला गेले. हातभर तुकडा अलगद निघून आला, आणि त्याच्या आतल्या अंगाला पंधरा-वीस किडे चिकटून बसलेले दिसले. कुणीतरी एकेकावर इस्त्री फिरवून ठेवल्यासारखे चपटे. रंग काळपट तांबूस, लांबी तांदळाच्या दाण्याएवढी, आणि जाडी म्हणाल तर कागदाची. दुसऱ्या कुणीही साल झटकून बंबात घातली असती. पण आण्णा पडले पाटबंधारे खात्यातले निवृत्त आरेखक. तेहतीस वर्षं धरणांचे नि कालव्यांचे नकाशे काढलेल्या या माणसाला मुळातच कागदावर काढल्यासारखा दिसणारा प्राणी पहिल्यांदाच भेटत होता. बंब तसाच राहिला.

आण्णांनी साल घरात आणली, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, भिंग काढलं, पेन्सिलीला टोक केलं आणि बसले. वरून काढलेलं चित्र झकास जमलं. पाठीवर मिटलेले पंख, पंखांच्या दोन्ही बाजूंना उघडी राहिलेली पोटाची किनार, डोक्यावर दोन आखूड, जाड मिश्या, सगळं जिथल्या तिथे. बाजूनं काढायला घेतलं तर नुसती रेघ आली. आण्णांनी त्या रेघेखालीही 'बाजूचे दृश्य' असं रीतसर लिहिलं, प्रमाण टाकलं, कोपऱ्यात सही केली. राहता राहिलं नाव. बिननावाचा नकाशा आण्णांनी नोकरीत कधी टेबलावरून पुढे सरकू दिला नव्हता, तो आता घरात कसा सरकू देतील?

फोनमध्ये जावयानं एक ॲप घालून दिलं होतं. फोटो काढला की ते वस्तूचं नाव सांगे. आण्णांनी फोटो काढला. ॲप म्हणालं, भोपळ्याचं बी. आण्णांनी किडा काडीनं जरा फिरवून पुन्हा काढला. ॲप म्हणालं, झुरळाचं पिल्लू. आण्णांनी खिडकी उघडून उजेडात तिसरा फोटो काढला आणि ॲपनं छातीठोक सांगितलं, ढेकूण. नेमक्या त्याच वेळी चहाचा कप घेऊन संयोगिताबाई नवऱ्याच्या मागे उभ्या होत्या.

"अवो, ढेकूण?" संयोगिताबाई म्हणाल्या. "जेवायच्या टेबलावर ढेकूण मांडून बसलाय व्हय?"

संयोगिताबाई गल्लीतल्या भजनी मंडळात पुढे म्हणतात. त्यांच्या आवाजाला माईक लागत नाही, आणि त्या दिवशीही लागला नाही. पाचव्या मिनिटाला समोरच्या झुंबरबाई दारात हजर होत्या. झुंबरबाई बाई मनानं चांगली. कुणाच्या घरी काही बरंवाईट झालं की पहिली धावते, आणि सगळ्या गल्लीला कळवूनच परत जाते.

"आण्णा, लाजायचं न्हाय," झुंबरबाई म्हणाल्या. "ढेकूण काय कुणाच्याबी घरात हुत्यात. आमच्यात न्हाईत, पर हुत्यात."

"अहो झुंबरबाई, हे झाडाच्या सालीतले आहेत."

"सालीत न्हाय सांगायचं तर काय गादीत सांगणार?" झुंबरबाईंनी समजुतीनं मान हलवली. "बाजंच्या पायाला घासलेट लावा. उशीखाली वेखंड ठेवा. आणि कडुनिंबाचा पाला माझ्याकडनं न्या."

दुपारपर्यंत सगळ्या गल्लीनं खबरदारी घेतली. एकूण एक गच्चीवर गाद्या, उशा, लोड, दुलया उन्हात पडल्या. जो तो आण्णांना भेटून आपापला उपाय सांगून गेला, पण उंबऱ्याच्या आत कुणी पाऊल टाकलं नाही. नेहमी चहा घेतल्याशिवाय न हलणारे लोकही उभ्यानंच बोलून निघाले. जाताना एकानं पायजमा झटकला, ते आण्णांना फार लागलं.

एवढ्यावर भागतं तर आण्णांनी हसण्यावारी नेलं असतं. पण पुढच्या शुक्रवारी चंदगडहून व्याही येणार होते. राजनंदिनीच्या लग्नाला सहा महिने झाले होते आणि व्याही-विहीण पहिल्यांदाच मुक्कामाला येत होते. तीन दिवस राहायचं, अंबाबाईचं दर्शन, शनिवारी नृसिंहवाडी, असा बेत होता. संयोगिताबाईंनी पडदे बदलले होते. आण्णांनी व्याह्यांच्या खोलीतला करकरणारा पंखा दोनदा दुरुस्त करून घेतला होता, म्हणजे आता तो वेगळ्या सुरात करकरत होता. आणि झुंबरबाईंची सख्खी भाची चंदगडात नेमकी व्याह्यांच्या शेजारी दिलेली.

शनिवारी सकाळी विहीणबाईंचा, चिमणाबाईंचा फोन आला.

"आमी येतोय बघा शुक्रवारी. पर ह्या टायमाला लॉजवर उतरतो."

"लॉजवर? ते का ओ?" संयोगिताबाईंनी विचारलं.

"तुमास्नी उगंच तरास कशाला? जेवाय येतो की."

संयोगिताबाईंनी फोन ठेवला आणि खुर्चीवर बसल्या. व्याही लॉजवर! गावात स्वतःचं चार खोल्यांचं घर, आणि लेकीचा सासरा स्टँडसमोरच्या लॉजात हातात टॉवेल घेऊन बाथरूमच्या रांगेत उभा! उद्या लेक माहेरी आली तर तिनं सासरी कुठल्या तोंडानं परत जायचं? संयोगिताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना रडताना बघून आण्णांचाही जीव कासावीस झाला, कारण संयोगिताबाई रागावतात पुष्कळ, रडत नाहीत.

"मी लेखी आणतो," आण्णा म्हणाले. "हे ढेकूण नाहीत, असं सहीशिक्क्यानिशी लेखी आणतो आणि व्याह्यांना वाचून दाखवतो."

सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या माणसाचा लेखी गोष्टीवर फार विश्वास असतो. सोमवारी आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, काड्यापेटीत दोन किडे आणि हातात नकाशाची गुंडाळी घेऊन एका सार्वजनिक कार्यालयात गेले. कुठल्या ते विचारू नका, आण्णांना अजून त्या रस्त्यानं जावं लागतं. टेबलामागच्या कारकुनानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ढेकूण न्हाईत."

"नाहीत."

"मग अडचण काय हाय?"

"नाहीत, असा दाखला पाहिजे."

कारकून विचारात पडला. "आण्णा, ढेकूण हायत अशी तक्रार घेतोय. न्हाईत अशी कशी घ्यायची? त्याला फॉर्मच न्हाय." मग माणूस भला निघाला. खुर्ची पुढे ओढून त्यानं वाट सांगितली. आण्णांनी ढेकूण असल्याची लेखी तक्रार द्यायची. तक्रार आली की माणूस घर तपासायला येणार, त्याला काही सापडणार नाही, मग तो 'आढळले नाहीत' असा शेरा मारणार. त्या शेऱ्याची नक्कल म्हणजेच दाखला.

आण्णांना ही पद्धत अतिशय पटली, आणि इथेच त्यांचं नोकरीतलं वय दिसलं. त्यांनी तिथल्या तिथे सुवाच्य अक्षरात लिहून दिलं की माझ्या राहत्या घरी ढेकणांचा उपद्रव असून त्वरित कार्यवाही व्हावी. खाली सही केली, पूर्ण पत्ता लिहिला, मोबाईल नंबर दिला आणि पोच घेऊन आनंदात घरी आले. पोच वाचून संयोगिताबाई त्यांच्याशी जेवणापर्यंत बोलल्या नाहीत.

मंगळवारी तपासायला माणूस आला नाही. थेट फवारणीची गाडी आली. ती गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि आतल्या गड्यानं भोंग्यातून विचारलं, "ढेकणाचं घर कंचं?" सात-आठ घरांमधून एकदम हात बाहेर आले आणि सगळे एकाच दिशेला वळले. आण्णा धावत खाली गेले आणि सांगू लागले की ढेकूण नाहीत. गड्यानं कागद काढून दाखवला. "ही सही तुमचीच न्हवं?" सही आण्णांचीच होती आणि फार वळणदार होती. तासाभरात घराच्या कानाकोपऱ्यात फवारा मारून, संयोगिताबाईंच्या नव्या पडद्यांवर पांढरे डाग पाडून गाडी निघून गेली. शेऱ्यात लिहिलं होतं, 'फवारणी केली, तक्रारदार समाधानी.' आण्णांनी तो शेरा तीनदा वाचला आणि मग पलंगावर आडवे झाले.

आता इतकं झाल्यावर गल्लीची तालीम गप्प बसते होय? वाघोबा तालीम मंडळाचा अध्यक्ष यशराज हा आण्णांचा मोठा भक्त. तालमीच्या नव्या इमारतीचा नकाशा आण्णांनी फुकट काढून दिला होता, तेव्हापासून तो त्यांना वाकून नमस्कार करतो. मंगळवारी संध्याकाळी तो येऊन बसला. गल्लीतला तो पहिलाच माणूस, जो आत येऊन सोफ्यावर टेकला. आण्णांना भरून आलं आणि त्यांनी सगळी हकिकत सांगितली.

"आण्णा, तुमी निवांत ऱ्हावा," यशराज म्हणाला. "तेवढा नकाशा द्या आणि एक फोटो द्या. उद्या सकाळपातूर कोल्लापुरात कुणाची शंका ऱ्हाणार न्हाय."

कोल्हापुरात माणसाचा वाढदिवस असो, पोरगं दहावी पास होवो की म्हैस स्पर्धेत पहिली येवो, फ्लेक्स लागल्याशिवाय ती गोष्ट घडली असं कुणी मानत नाही. आण्णांना हे ठाऊक असायला हवं होतं. पण चार दिवसांत प्रेमानं बोलणारं कुणी भेटलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी दोन्ही वस्तू देऊन टाकल्या.

बुधवारी सकाळी चौकात वीस फुटी फ्लेक्स उभा होता. डावीकडे राजनंदिनीच्या लग्नातला फेटा बांधलेला आण्णांचा हसरा चेहरा, उजवीकडे त्याच मापाचा किडा. मध्ये सोनेरी अक्षरं: 'आमचे मार्गदर्शक मा. आण्णासाहेब इंगवले यांच्या घरी ढेकूण नाहीत! नाहीत!! नाहीत!!!' खाली तालमीच्या चाळीस कार्यकर्त्यांचे गॉगल लावलेले फोटो. 'बाजूचे दृश्य' म्हणून काढलेली रेघ छपाईवाल्यानं आण्णांच्या नावाखाली अधोरेखन म्हणून वापरली होती.

तोवर ही बातमी एका गल्लीची होती, ती आता शहराची झाली. कॉलेजची पोरं आण्णा आणि किडा यांच्या मधोमध उभी राहून सेल्फी काढू लागली. रिक्षावाले पत्ता सांगताना 'ते ढेकूण न्हाईत त्या गल्लीत' असं म्हणू लागले. आण्णा दूध आणायला मागच्या बोळातून जाऊ लागले. यशराज मात्र खूश होता. रात्रीचं दिसावं म्हणून त्यानं फ्लेक्सवर दोन बल्बही सोडले.

आणि गुरुवारी दुपारी दारात एक स्कूटर थांबली. हेल्मेट काढून चाळिशीच्या एक बाई आत आल्या, चपला काढल्या आणि विचारलं, "चौकातलं ते चित्र कोणी काढलंय?"

आण्णा आतल्या खोलीत दडले होते. संयोगिताबाईंनी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. बाई म्हणाल्या, "मी भैरवी. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, कीटकांवर काम करते. तुम्ही मिश्यांचे चार सांधे बरोबर मोजलेत. माझ्या एम.एस्सी.च्या मुलांचे चुकतात."

त्या एका वाक्यानं आण्णांचा सहा दिवसांचा वाकलेला कणा सरळ झाला. लगोलग चहा झाला, पोहे झाले, आणि मग सगळी वरात शिरीषापाशी गेली. भैरवी मॅडमनी साल उचकटली, भिंग लावलं आणि आण्णांना एकेक गोष्ट दाखवत गेल्या. ढेकणाला पंख नसतात, याला आहेत. ढेकूण रक्त पितो, हा मेलेल्या लाकडातली बुरशी चोखून जगतो. त्यासाठी याच्या तोंडात केसासारखी बारीक नळी असते, ती अंगापेक्षा लांब असते आणि डोक्यात वेटोळं करून ठेवलेली असते. माणसाशी याला काही देणंघेणं नाही. आण्णा लहान मुलासारखे ऐकत होते. झुंबरबाईही ऐकत होत्या, पण हात पाठीमागे बांधून.

"आणि नाव?" आण्णांनी विचारलं.

"कूळ आत्ता सांगते, चपट्या ढेकण्यांचं, नावात ढेकूण असला तरी हा घरातला ढेकूण नव्हे. नेमकी जात कळायला सहा महिने लागतील. नमुने बाहेर पाठवावे लागतील."

"आमच्यात सोयरीक जुळवायलाबी एवढा टाइम लागत न्हाय," झुंबरबाई म्हणाल्या.

भैरवी मॅडमनी एका कोऱ्या कागदावर सगळं लिहून सही केली. आण्णांनी तिथेच, झाडाखाली उभं राहून चंदगडला फोन लावला. व्याही, विश्वजितराव देसाई, फोनवर आले. आण्णांनी पत्र पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, तारखेसकट. 

"म्हणजे तुमच्यात ढेकूण अजाबात न्हाईत?" विश्वजितरावांनी विचारलं.

"एकही नाही! लेखी आहे!"

"मग आमी लॉजवरच उतरतो, पावणं," विश्वजितराव पडेल आवाजात म्हणाले आणि फोन ठेवला.

आण्णा फोनकडे बघत राहिले. सहीचा कागद माणसासमोर हरतो, असं त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं. घरी आल्यावर संयोगिताबाई म्हणाल्या, "आता कागुद ठेवा बाजूला. उद्या आपुन दोघं स्टँडवर जाऊ आणि हाताला धरून घरी आणू."

शुक्रवारी चंदगडची एसटी सकाळी अकराला लागली. गाडीतून आधी विश्वजितराव उतरले, मग चिमणाबाई, मग दोन बॅगा. बॅगा प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून वरून सुतळीनं आवळलेल्या होत्या. विश्वजितरावांनी त्या फलाटावर ठेवल्या आणि स्वतः चार पावलं लांब जाऊन उभे राहिले. संयोगिताबाई पुढे झाल्या तशा चिमणाबाई मागे सरल्या.

"जवळ येऊ नगा, विहीणबाई," चिमणाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या तोंडाला पदर गेला.

"असं काय ओ झालंय?" संयोगिताबाईंनी विचारलं. "आमचं काय चुकलं का?"

विश्वजितरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. काजूच्या चार बागांचा मालक, पंचायतीत आवाज असलेला माणूस, पण त्याची नजर वर होईना. शेवटी खाली बघूनच म्हणाले, "चूक तुमची न्हाय. आमच्याकडं हायत."

"काय?"

"ढेकूण. लग्नाला भाड्यानं गाद्या आणलेल्या, त्यातनं आलं. सा महिनं झालं, जाईनात. कितीदा औषध मारलं. सुनंलाबी माहेरी सांगू नगं म्हनलं. म्हनलं बॅगंतनं सुनंच्या माहेरात सोडायला नगंत, म्हणून लॉज." ते थांबले. "झुंबरबाईंच्या भाचीनं सांगितलं तुमच्यातबी हायत, तवा खरं सांगतो, लई बरं वाटलं. म्हनलं आता लाजायचं कारण न्हाय, तुमच्यातच उतरू. आणि काल तुमी लेखी वाचलासा."

आण्णांच्या हातात अजून ते पत्र होतं. घडी करून त्यांनी ते हळूच खिशात सारलं. आठ दिवस ज्या गोष्टीसाठी त्यांनी अब्रू चव्हाट्यावर मांडली, ती गोष्ट, घरात ढेकूण नाहीत ही, आता फलाटावर त्यांच्या आणि व्याह्यांच्या मध्ये आडवी उभी होती. त्यांनी बायकोकडे पाहिलं. जेवणाच्या टेबलावरच्या एका किड्यासाठी त्या माऊलीनं घर डोक्यावर घेतलं होतं.

संयोगिताबाईंनी बॅगांकडे पाहिलं. मग पदर खोचला, पुढे झाल्या आणि मोठी बॅग स्वतःच्या हातानं उचलली.

"चला घरी," त्या म्हणाल्या. "ढेकूण काय ओ, आज हायत, उद्या न्हाईत. पावणं लॉजवर उतरलं तर जल्मभर ऱ्हाईल की ते."

चिमणाबाई स्टँडवरच रडल्या. मग दोघी विहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि विश्वजितराव "अगं, अगं, लांबनं" असं म्हणत राहिले, पण त्यांचं ऐकायला कुणी नव्हतं.

घरी पोचल्यावर बॅगा गच्चीवर उन्हात गेल्या. पाहुण्यांची कडकडीत पाण्यानं अंघोळ झाली. विश्वजितरावांना आण्णांचा पायजमा गुडघ्याखाली चार बोटंच आला आणि त्या अवतारात त्यांनी तांबड्या रश्श्याच्या सहा वाट्या रिचवल्या. शनिवारी वाडीला जाऊन आले, बासुंदी खाऊन आले. सहा महिन्यांत पहिल्यांदा दोघं निर्धास्त झोपले, असं चिमणाबाई म्हणाल्या. त्या तीन दिवसांत घरात इतकं हसणं झालं की पंख्याची करकर कुणाला ऐकू आली नाही.

रविवारी सकाळी सगळे अंगणात चहा घेत बसले होते. समोरून झुंबरबाई आल्या, चंदगडच्या भाचीची ख्यालीखुशाली विचारायला म्हणून बसल्या, आणि बोलता बोलता मध्येच थांबल्या. त्यांची नजर विश्वजितरावांच्या बाहीवर होती. पांढऱ्याशुभ्र बाहीवरून एक तांबूस ठिपका संथपणे वर चालला होता.

"आण्णा," झुंबरबाई म्हणाल्या. "त्ये काय ओ?"

 चिमणाबाईंनी मान खाली घातली. संयोगिताबाईंनी बिस्किटांची बशी झुंबरबाईंपुढे धरली.

आण्णा उठले. त्यांनी चष्मा लावला, तो जीव अलगद दोन बोटांत धरला आणि उजेडात नेला. पंखांचा पत्ता नव्हता. पोट टच्च भरलेलं होतं, आणि कशानं भरलं होतं तेही बाहेरून दिसत होतं. गेल्या आठ दिवसांत आण्णांइतका या विषयाचा अभ्यास अख्ख्या पेठेत कुणी केला नव्हता. त्यांना क्षणभरही शंका आली नाही.

"सालीतला," आण्णा खणखणीत आवाजात म्हणाले. "पंख मिटून बसलाय. बुरशी खातो बिचारा. शिरीषावरनं उडून आलाय."

"नक्की न्हवं?" झुंबरबाईंनी विचारलं.

"झुंबरबाई, माझ्याकडं लेखी आहे."

झुंबरबाई चहा संपवून गेल्या.  मग विश्वजितरावांनी कप खाली ठेवला, आण्णांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "पावणं, पुढच्या टायमाला आठ दिस ऱ्हायला येतो." संयोगिताबाईंनी तोवर आतली गादी काखेत मारली होती आणि त्या जिना चढायला लागल्या होत्या.